देवळालीचे कापरेकर गुरुजी

विद्यार्थी मित्रांनो, हा पाठ वाचण्यापूर्वी वही आणि पेन्सिल जवळ घ्या. वहीत चार अंकी एक संख्या लिहा. तिचे चारही अंक सारखे नसावेत, एवढीच अट आहे. आता तेच अंक उतरत्या क्रमाने मांडून मोठ्यात मोठी संख्या तयार करा. मग ते चढत्या क्रमाने मांडून लहानात लहान संख्या तयार करा. मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करा. जे उत्तर येईल, त्यावर पुन्हा हीच क्रिया करा. कंटाळू नका. जास्तीत जास्त सात वजाबाक्या कराव्या लागतील. मग तुमच्या वहीत ६१७४ ही संख्या येईल. तिच्यावर पुन्हा तीच क्रिया केली, तरी उत्तर ६१७४च राहील. तुमच्या शेजारच्या मुलाने वेगळी संख्या घेतली असली, तरी त्याच्या वहीतही शेवटी ६१७४च आलेले दिसेल.

वजाबाकी हा शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. तुमच्या उर्दूतील वजा आणि बाकी हे दोन शब्द त्यात शेजारी शेजारी बसले आहेत. या साध्या वजाबाकीतून एवढी मोठी गंमत शोधून काढली ती आपल्याच नाशिकजवळच्या देवळालीतील एका शाळामास्तरांनी. त्यांचे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. ते आठ वर्षांचे असताना त्यांची आई वारली. वडील कारकून होते. त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिष म्हटले की आकडेमोड आलीच. ती वडिलांनी मुलाला शिकवली. मुलगा भविष्यात रमला नाही, आकड्यांत मात्र रमला. ठाण्याच्या शाळेत असतानाच अवघड हिशेब सोप्या रीतीने कसा सोडवता येईल, याचा तो तासन्‌तास विचार करी.

पुढे ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकू लागले. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते बी. एस्सी. झाले. त्यापुढचे शिक्षण त्यांनी घेतले नाही. १९३० साली ते देवळालीच्या शाळेत शिक्षक म्हणून लागले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत, म्हणजे तब्बल ३२ वर्षे, तेथेच शिकवत राहिले. दिवसा शाळा आणि उरलेल्या वेळात संख्या, असा त्यांचा जन्म गेला.

संख्यांना ते माणसांसारखी नावे देत. पूर्वी डोंबिवलीच्या रेल्वे स्टेशनाला डेम्लो म्हणत. तेथे त्यांना १२१, १२३२१, १२३४३२१ अशा संख्यांविषयी एक कल्पना सुचली, म्हणून त्यांनी या संख्यांना डेम्लो संख्या हे नाव दिले. ११ ला ११ ने गुणा, १११ ला १११ ने गुणा, म्हणजे त्या कशा तयार होतात ते दिसेल. जिला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो, ती हर्षद संख्या. हर्षद म्हणजे आनंद देणारी. ४५ चा वर्ग २०२५ आहे. त्याचे २० आणि २५ असे दोन तुकडे करून बेरीज केली, तर पुन्हा ४५ येतात. अशा संख्यांना आज जगभर कापरेकर संख्या म्हणतात. ५५, ९९ आणि २९७ याही कापरेकर संख्याच आहेत. करून पाहा.

त्यांनी एका प्रकारच्या संख्यांना आपल्या गावाचेही नाव दिले. एखादी संख्या घेऊन तिच्यात तिचेच अंक मिळवा. २१ मध्ये २ आणि १ मिळवले, की २४ होतात. म्हणून २१ ही २४ ची जन्मदात्री झाली. पण काही संख्यांना जन्मदात्रीच नसते. २० ही तशी संख्या आहे. अशा संख्यांना कापरेकरांनी स्वयंभू संख्या किंवा देवळाली संख्या म्हटले.

येथे थोडे थांबून विचार करा. २४ ला जन्मदात्री आहे, हे दाखवायला २१ हे एकच उदाहरण पुरते. पण २० ला जन्मदात्री नाही, हे कसे दाखवणार? त्यासाठी २० पेक्षा लहान असलेली प्रत्येक संख्या तपासावी लागते. आहे म्हणायला एक पुरावा पुरतो, नाही म्हणायला सगळीकडे शोधावे लागते. कापरेकरांच्या गणितात ही शोधण्याची शिस्त पावलोपावली लागते. आज ज्या विद्येला संगणकाच्या जगात चाचणी किंवा टेस्टिंग म्हणतात, तिचे मूळ याच शिस्तीत आहे.

६१७४ या संख्येचा शोध कापरेकरांनी १९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत मांडला. त्यांच्या जन्माचे साल १९०५ घेऊन ती क्रिया करून पाहू.

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

बरोबर सात पायऱ्या झाल्या. ६१७४ या संख्येला आता कापरेकर स्थिरांक म्हणतात. स्थिरांक म्हणजे न बदलणारी संख्या. १९४९ साली आपल्या देशात एकही इलेक्ट्रॉनिक संगणक नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बनलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० साली सुरू झाला. कापरेकरांची साधने म्हणजे कागद, पेन्सिल आणि चिकाटी.

आज तुमच्यापैकी कोणी संगणक शिकायला गेला, तर हीच क्रिया त्याला सरावासाठी दिली जाण्याचा संभव आहे. ठरावीक पायऱ्यांनी उत्तर काढण्याच्या अशा रीतीला अल्गोरिदम म्हणतात. हा शब्द नवव्या शतकात बगदादला राहून गेलेले गणिती अल्-ख्वारिज्मी यांच्या नावावरून आला आहे. म्हणजे बगदाद आणि देवळाली यांची गाठ संगणकात पडते.

संगणकाला ही क्रिया सांगण्याच्या अनेक रीती आहेत. त्यांपैकी एकीला फंक्शनल प्रोग्रॅमिंग म्हणतात. फंक्शन म्हणजे एक छोटी चक्की समजा. एका बाजूने संख्या टाकली, की दुसऱ्या बाजूने उत्तर बाहेर येते. तीच संख्या पुन्हा टाकली, तर तेच उत्तर येते. चक्की आजूबाजूच्या कशालाही हात लावत नाही. आपल्या कामासाठी अशा तीन चक्क्या लागतील. पहिली अंक उतरत्या क्रमाने लावील, दुसरी चढत्या क्रमाने लावील आणि तिसरी वजाबाकी करील. तिन्ही जोडल्या, की एक मोठी चक्की तयार होते. तिचे उत्तर पुन्हा तिच्याच तोंडात घालत राहायचे. या रीतीचा मोठा फायदा असा, की प्रत्येक चक्की वेगळी काढून तपासता येते. उत्तर चुकले, तर चूक कोणत्या चक्कीत आहे ते लवकर कळते.

आता समजा, एका विद्यार्थ्याने असा प्रोग्रॅम लिहिला. त्याने दहा संख्या टाकून पाहिल्या. दहाही वेळा ६१७४ आले. तो आनंदाने म्हणू लागला, की माझा प्रोग्रॅम बरोबर आहे. त्याचे म्हणणे खरे मानायचे का?

२१११ ही संख्या घ्या. २१११ मधून १११२ वजा केले, की ९९९ उरतात. उर्दू आपण उजवीकडून डावीकडे लिहितो, पण संख्या मात्र उर्दूतही डावीकडून उजवीकडेच लिहितो. तेव्हा डावीकडचे शून्य न विसरता हे उत्तर ०९९९ असे लिहावे लागते. तसे लिहिले, तर पुढची वजाबाकी ९९९० − ०९९९ अशी होते आणि शेवटी आपण ६१७४ ला पोहोचतो. पण संगणक डावीकडचे शून्य आपणहून सांभाळत नाही. तो नुसते ९९९ लक्षात ठेवतो. मग ९९९ मधून ९९९ वजा होतात, शून्य उरते आणि प्रोग्रॅम तेथेच अडकतो.

१००० पासून ९९९९ पर्यंत चारही अंक सारखे नसलेल्या ८,९९१ संख्या आहेत. त्यांपैकी फक्त ६८ संख्यांवर ही चूक दिसते. म्हणजे सरासरी १३२ संख्यांमागे एक. शंभर संख्या डोळे मिटून टाकल्या, तरी ही चूक न सापडणे सहज शक्य आहे. म्हणून चाचणी घेणारा माणूस डोळे उघडे ठेवून संख्या निवडतो. तो कडेच्या संख्या घेतो: १०००, ९९९८, २१११. ज्यांना नियम लागू नाही अशा ११११ सारख्या संख्याही तो मुद्दाम टाकतो. प्रोग्रॅम त्यांना नीट नकार देतो का, हे त्याला पाहायचे असते. प्रोग्रॅम कोठे चालतो यापेक्षा कोठे मोडतो, याचा शोध घेणे हे त्याचे काम असते.

हे काम क्षुल्लक नाही. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियान-५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात एका मिनिटाच्या आत आकाशात फुटले. त्यात जुन्या एरियान-४ रॉकेटच्या प्रोग्रॅमचा एक भाग जसाच्या तसा वापरला होता. जुन्या रॉकेटात तो बिनचूक चालत असे. नव्या रॉकेटाचा वेग वेगळा होता. त्यामुळे एक संख्या एवढी मोठी झाली, की तिच्यासाठी ठेवलेल्या जागेत ती मावलीच नाही. ती संख्या आधी तपासून पाहिली असती, तर रॉकेट वाचले असते.

मग काय प्रत्येक संख्या तपासायची? डावीकडे शून्य असलेल्या संख्याही धरल्या, तर त्या ९,९९० होतात. येथे गणित मदतीला येते. ३५२४ आणि ५३४२ या दोन संख्यांचे अंक तेच आहेत. म्हणून त्यांची पहिली वजाबाकीही तीच येणार. अंकांचा असा एक गट एकदाच तपासला, की पुरे. एवढ्याने ९,९९० चे ७०५ होतात. आणखी नीट पाहा. वजाबाकीचे उत्तर फक्त दोन गोष्टींवर ठरते. एक, सर्वांत मोठा अंक आणि सर्वांत लहान अंक यांतील फरक. दुसरी, मधल्या दोन अंकांतील फरक. पहिल्या फरकाला ९९९ ने गुणा, दुसऱ्याला ९० ने गुणा आणि बेरीज करा. ३५२४ मध्ये हे फरक ३ आणि १ आहेत. म्हणून उत्तर २९९७ + ९० = ३०८७. ९७६६ मध्येही फरक ३ आणि १ आहेत, आणि तेथेही ३०८७च येतात. पहिला फरक १ असेल तेव्हा दुसरा ० किंवा १ असू शकतो. पहिला २ असेल तेव्हा दुसरा ०, १ किंवा २. असे ९ पर्यंत मोजत गेलो, तर एकूण ५४ जोड्या होतात. या ५४ जोड्या तपासल्या, की सर्व ९,९९० संख्या तपासून झाल्या! चाचणी म्हणजे नुसती मेहनत नव्हे. एकसारख्या गोष्टी ओळखून त्यांतील एकच निवडणे, ही तिची खरी कला आहे.

हे काम तुमच्या वर्गातही करता येईल. पण त्यासाठी वेळेचा आराखडा हवा. समजा, एका जोडीला पाच मिनिटे लागतात. एकट्याने ५४ जोड्या करायच्या, तर साडेचार तास लागतील. सहा जणांनी नऊ-नऊ वाटून घेतल्या, तर ४५ मिनिटे पुरतील. परंतु त्याआधी ५४ जोड्यांची यादी करावी लागेल. तिला २० मिनिटे धरा. यादी होईपर्यंत बाकीच्यांना वाट पाहावी लागेल. मग प्रत्येकाने दुसऱ्याचा कागद तपासायचा, कारण आपली चूक आपल्याला सहसा दिसत नाही. त्याला ३० मिनिटे धरा. म्हणजे सगळे मिळून ९५ मिनिटे झाली. सहाऐवजी नऊ जण आले, तर वजाबाक्यांचा वेळ ४५ वरून ३० मिनिटांवर येईल. यादीची २० मिनिटे मात्र तेवढीच राहतील. कोणते काम कोणत्या कामासाठी थांबले आहे, हे आधी कागदावर मांडणे म्हणजे आराखडा. हेन्री गँट नावाच्या अमेरिकी अभियंत्याने विसाव्या शतकाच्या आरंभी अशी कामे आडव्या पट्ट्यांनी दाखवण्याची रीत रूढ केली. संगणकाच्या कंपन्यांत ती आजही वापरतात. त्या पट्ट्यांत चाचणीची पट्टी पहिल्यापासून ठेवावी लागते. वेळ उरला तर तपासू, असे म्हणणाऱ्याला वेळ कधीच उरत नाही.

आता पुन्हा देवळालीला जाऊ. एवढे सुंदर शोध लावूनही कापरेकरांच्या वाट्याला मोठेपणा लवकर आला नाही. आपल्याच देशातील काही गणिती त्यांचे काम म्हणजे पोरखेळ समजत. मोठी नियतकालिके त्यांचे लेख घेत नसत. मग ते स्वतःच देवळालीहून लहान लहान पुस्तिका छापून प्रसिद्ध करीत. निवृत्तीनंतर मिळणारी पेन्शन अपुरी पडे. १९६६ साली त्यांची पत्नी वारली. उतारवयात पोटासाठी त्यांना गणिताच्या आणि विज्ञानाच्या शिकवण्या कराव्या लागल्या. तरी संख्यांचा नाद त्यांनी सोडला नाही.

१९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकी लेखकाने सायंटिफिक अमेरिकन या मासिकातील आपल्या लोकप्रिय सदरात कापरेकरांच्या संख्यांविषयी लिहिले. तेव्हा देवळालीच्या या मास्तरांचे नाव जगभर पोहोचले. कापरेकर त्या वेळी सत्तर वर्षांचे होते. १९८६ साली देवळाली येथेच त्यांचे निधन झाले.

ज्याला लोक पोरखेळ म्हणत होते, तो आज संगणक शिकणारी मुले देशोदेशी खेळतात. ती पडद्यावर कापरेकरांची क्रिया लिहितात, फंक्शन जोडतात, चुका शोधतात. पापणी लवण्याच्या आत संगणक ९,९९० संख्या तपासून ६१७४ हे उत्तर दाखवतो. पण कोणत्या संख्या तपासायच्या आणि डावीकडचे शून्य कोठे हरवते, हे संगणक सांगत नाही. ते माणसालाच शोधावे लागते.

मित्रांनो, कापरेकरांपाशी मोठी पदवी नव्हती, प्रयोगशाळा नव्हती, पैसाही नव्हता. एखादी गोष्ट खरी वाटली, तरी ती शेवटपर्यंत तपासून पाहण्याची सवय त्यांच्यापाशी होती. ही सवय लावून घ्यायला पैसे पडत नाहीत. तुमच्या वहीत ६१७४ आले असेल, तर आता दुसरी संख्या घ्या. आणि या वेळी, नियम मोडेल असे जिच्याविषयी वाटते, तीच घ्या.

शब्दार्थ

नाद – छंद, आवड
आकडेमोड – संख्यांचा हिशेब
चिकाटी – न कंटाळता काम करण्याचा गुण
स्वयंभू – आपोआप निर्माण झालेला
क्षुल्लक – किरकोळ, कमी महत्त्वाचे
आराखडा – कामाची आधी केलेली मांडणी
निवृत्त होणे – नोकरीतून मोकळे होणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कापरेकरांचा जन्म कोठे झाला?
(आ) त्यांनी देवळालीच्या शाळेत किती वर्षे शिकवले?
(इ) स्थिरांक म्हणजे काय?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) २१११ या संख्येवर विद्यार्थ्याचा प्रोग्रॅम का अडकला?
(आ) सहाऐवजी नऊ मुले आली, तरी यादीचा वेळ कमी का होत नाही?
(इ) कापरेकरांना स्वतःच पुस्तिका का छापाव्या लागल्या?

३. वाक्यांत उपयोग करा: नाद असणे, वाट्याला येणे, वाट पाहणे.

४. वजाबाकी या शब्दाप्रमाणे मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत चालणारे दहा शब्द शोधून लिहा.

५. उपक्रम: १९३०, १९४९, १९६२ आणि १९८६ ही पाठातील साले घ्या. प्रत्येक साल किती पायऱ्यांत ६१७४ ला पोहोचते ते काढा. मग वह्यांची अदलाबदल करून एकमेकांची उत्तरे तपासा.